‘लाओ थंग ल’: शेन्यांगमधल्या एका केस-पेपरचं प्रकरण

जुनाट पोटदुखी असलेले एक आजोबा ईशान्य चीनमधल्या शेन्यांग शहरात एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला आले. त्यांच्या केस-पेपरवर ‘जूलिए’, म्हणजे तीव्र, असा शब्द यायला हवा होता. तिथे ‘फानफू’, म्हणजे पुन्हापुन्हा होणारं, असा शब्द पडला. लिहिणारी मुलगी मराठी होती, एमबीबीएसची इंटर्न. चिनी भाषेच्या एचएसके परीक्षेची चौथी पातळी तिने चांगल्या गुणांनी पार केलेली. आजोबांचं वाक्य तिला स्वच्छ ऐकू आलं होतं आणि त्यातला शब्द न शब्द तिला येत होता. तरीही अर्थ हुकला.

मी पुण्यात चिनी शिकवतो. चीनला डॉक्टरकी शिकायला जाणारी मुलं माझ्याकडे येतात, आणि तिकडून सुट्टीवर आली की अडलेली वाक्यं घेऊनही येतात. हे प्रकरण अशा अनुभवांवरून वर्गासाठी बांधलेलं आहे. कोणी ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. वाक्यं मात्र शेन्यांगच्या कुठल्याही वॉर्डात कानावर पडतील अशीच आहेत.

थोडी पार्श्वभूमी

भारतातून चीनला वैद्यकीय शिक्षणासाठी जाणारी मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात. नॅशनल मेडिकल कमिशनच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातलं हे शिक्षण इंग्रजीतच झालं पाहिजे, आणि त्याच परदेशी संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिपही झाली पाहिजे. म्हणजे पुस्तक इंग्रजी आणि पेशंट चिनी. लिआओनिंग प्रांतातल्या शेन्यांग, दालिआन, जिनजोऊ या शहरांत अशी मराठी मुलं अनेक वर्षं आहेत.

या मुलीच्या बॅचचं आणखी एक दुखणं होतं. २०२० मध्ये कोविडमुळे भारतीय विद्यार्थी घरी अडकले आणि चीनने त्यांना व्हिसा देणं पुन्हा सुरू केलं ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये. मधल्या काळात जे चिनी शिकायचं ते लॅपटॉपवर, रेकॉर्ड केलेल्या स्वच्छ आवाजात. रिक्षावाला, भाजीवाली, हॉस्टेलची मावशी यांचं चिनी कानावर पडलंच नाही.

त्यात शेन्यांगची गंमत अशी की तिथली बोली प्रमाण चिनीच्या अगदी जवळची. दक्षिण चीनमधल्या ग्वांगजोऊला गेलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी कळतं की ही कँटोनीज आहे, हे काही आपल्याला येत नाही. शेन्यांगला गेलेल्याला असं काही वाटत नाही. सगळं समजतंय असं वाटतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. म्हणून जिथे समजलेलं नसतं तिथे शंकासुद्धा येत नाही.

वाक्य काय होतं

सकाळची ओपीडी. वरिष्ठ डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये गुंतलेले, म्हणून त्यांनी मुलीला सांगितलं, तू माहिती घ्यायला लाग. ती म्हणाली, ‘दाये, काय होतंय?’ (दाये म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, वयस्क अनोळखी माणसालाही तिकडे तसंच म्हणतात.) आजोबा पोटावर हात ठेवून म्हणाले:

‘वो लाओ वेइबिंग ल, ज ह्वेइ लाओ थंग ल.’

‘वेइ’ म्हणजे जठर, ‘बिंग’ म्हणजे आजार, ‘थंग’ म्हणजे दुखणं. ‘ज ह्वेइ’ म्हणजे या खेपेला. उरला ‘लाओ’, जो दोनदा आला आहे, आणि ‘ल’, तोही दोनदा.

मुलीने ऐकलं ते असं: ‘मला पोटाचा जुना आजार आहे, सारखं दुखत असतं.’ पुढचा प्रश्न तिने साहजिकच विचारला, कधीपासून? आजोबा म्हणाले, झाली बरीच वर्षं. तिने लिहिलं: वरच्या पोटात पुन्हापुन्हा दुखणं, अनेक वर्षांपासून.

आजोबा म्हणाले होते ते असं: ‘मी पोटाचा जुना रोगी आहेच, पण या खेपेला भयंकर दुखतंय.’ आणि ‘बरीच वर्षं’ हे उत्तर त्यांनी दिलं होतं जुन्या आजाराबद्दल. त्यांच्या मते डॉक्टरीणबाई तेच विचारत होती.

चिनी केस-पेपरवरची पहिली ओळ, म्हणजे मुख्य तक्रार, फार आखूड असते. साधारण वीस अक्षरांत लक्षण आणि काळ बसवायचा. पेशंट पाच वाक्यं बोलतो, त्यातली चार गळतात आणि एक-दोन शब्द तेवढे पुढे जातात. ‘फानफू’ वाचणारा माणूस जठराची सूज, जुना अल्सर या दिशेने विचार करू लागतो. ‘जूलिए’ वाचणारा खुर्चीतून उठतो.

एका ‘लाओ’ची किती कामं

या मुलीला ‘लाओ’ येत नव्हता असं नाही. उलट तो तिने शिकलेल्या पहिल्या काही शब्दांपैकी एक. लाओ म्हणजे म्हातारा, जुना. शिक्षकांना ‘लाओश’ म्हणायचं, आणि हॉस्पिटलात वरिष्ठ डॉक्टरांनाही इंटर्न ‘लाओश’च म्हणतात, तिथे वयाचा संबंध नाही, पंचविशीतली शिक्षिकाही लाओशच. वाघाला ‘लाओहू’, उंदराला ‘लाओशू’ म्हणतात, तिथे तर लाओला काहीच अर्थ उरलेला नाही. ईशान्य चीनमध्ये भर म्हणून आणखी एक: नात्यांत ‘लाओ’ म्हणजे सगळ्यात धाकटा. ‘लाओ अरत्स’ म्हणजे शेंडेफळ मुलगा, ‘लाओज्यू’ म्हणजे सगळ्यात धाकटा मामा. वॉर्डातल्या नर्स या मुलीला ‘लाओमेइर’ म्हणायच्या, म्हणजे धाकट्या बहिणाबाई. पहिल्यांदा ऐकून ती बिचारी आरशात बघून आली असेल.

क्रियापदाआधी ‘लाओ’ आला की अर्थ होतो ‘सारखं, नेहमी’. ‘तो लाओ उशिरा येतो’ म्हणजे रोजचाच उशीर. पुस्तकात हे असतं, आणि मुलीने नेमकं हेच लावलं.

राहिला तो विशेषणाचा जोर वाढवणारा ‘लाओ’. बीजिंगच्या बोलण्यात हा जुनाच आहे, पण तिथे तो मोजक्या शब्दांना लागतो: लाओ युआन म्हणजे लांबच लांब, लाओ गाओ म्हणजे उंचच उंच, लाओ छांग म्हणजे लांबलचक. सगळे मोठेपणाचे शब्द. बुटका, आखूड, जवळ यांना तो लागत नाही. ईशान्येकडच्या तीन प्रांतांत, लिआओनिंग, जिलिन आणि हेइलोंगज्यांगमध्ये, मात्र त्याने हे कुंपण केव्हाच ओलांडलं. लाओ हाओ ल, फारच छान. लाओ लंग ल, मरणाची थंडी. लाओ श्यांग ल, काय चविष्ट. आणि लाओ थंग ल.

इथे खरी अडचण ‘थंग’ या शब्दाची आहे. थंडीसारख्या शब्दाला ‘सारखं’ चिकटवून वाचायला जीभ अडखळते, त्यामुळे ‘लाओ लंग ल’ ऐकून कोणीही ‘सारखी थंडी’ असं समजत नाही. पण दुखणं ही अशी गोष्ट आहे की ती ‘फार’ही असते आणि ‘सारखी’ही असते. चिनीत ‘थंग’ विशेषणासारखाही चालतो आणि क्रियापदासारखाही. त्यामुळे दोन्ही लाओ त्याच्यापुढे बसू शकतात:

लाओ थंग: सारखं दुखतं.
लाओ थंग ल: फार दुखतंय.

फरक शेवटच्या ‘ल’चा. आणि या ‘ल’बद्दल मुलांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलेली असते: ‘ल’ म्हणजे काहीतरी बदललं किंवा घडून गेलं. पाऊस आला, भूक लागली, दुखायला लागलं. मुलीने ‘लाओ थंग ल’ची फोड केली ‘सारखं’ अधिक ‘दुखायला लागलंय’. व्याकरणाने पाहिलं तर तिची फोड मूर्खपणाची नाही. फक्त शेन्यांगमध्ये ती कोणी करत नाही.

हा ‘ल’ बदल सांगणारा नाही. तो जोराच्या शब्दाचा जोडीदार आहे. चिनी बोलीत जोराचे काही शब्द असे जोडीनेच येतात, एक आधी आणि एक शेवटी, विशेषण मधे. ‘थाय थंग ल’, ‘ख थंग ल’, ‘लाओ थंग ल’, तिन्हींचा ढोबळ अर्थ ‘फार दुखतंय’. यातला ‘थाय … ल’ पुस्तकात पहिल्याच महिन्यात येतो, आणि त्यातला ‘ल’ कोणी बदलाचा समजत नाही, कारण तो जोडीने शिकवलेला असतो. ‘लाओ’ जोडीने शिकवलेला नसतो. म्हणून तिने दोन तुकडे वेगवेगळे ऐकले आणि वेगवेगळे सोडवले.

शिवाय कानाला एक खूण होती. जोराचा ‘लाओ’ माणसं ताणतात, ‘लाऽऽओ थंग ल’. आपण ‘लऽऽय दुखतंय’ म्हणतो तसंच. ‘सारखं’वाला लाओ सहसा असा ताणत नाहीत, आणि लोकांना स्पष्ट करायचं असेल तर ते ‘लाओश थंग’ असं म्हणतात. (हा ‘लाओश’ आणि शिक्षकांचा ‘लाओश’ देवनागरीत सारखाच दिसतो, चिनीत शेवटचं अक्षरही वेगळं आणि त्याचा सूरही वेगळा.)

त्याच ओपीडीत ग्वांगदोंग प्रांतातला एक चिनी इंटर्न होता. त्याच्या घरी कँटोनीज बोलतात, तिथे ‘फार’ला ‘होउ’ म्हणतात, ‘लाओ’चा हा वापर नाही. तरी त्याला हे वाक्य लगेच समजलं असतं. कारण टीव्ही. शेन्यांगजवळच्या तिएलिंगचे विनोदी नट जाओ बनशान १९९० ते २०११ या काळात चिनी सरकारी वाहिनीच्या वसंतोत्सवाच्या कार्यक्रमात बहुतेक दर वर्षी यायचे, आणि नववर्षाच्या आदल्या रात्री सगळा देश तो कार्यक्रम बघतो. ईशान्येकडचं बोलणं चिनी पोरांच्या कानात असं बसलं. आमच्या मुलांच्या कानात ते बसायला काही मार्गच नव्हता.

पुस्तकातली शिडी

दोष लाओचा एकट्याचा नाही. जोराचे शब्द आपण शिकवतो कसे, त्याचाही आहे.

बहुतेक वर्गांत एक शिडी काढली जाते. सगळ्यात खाली ‘यौद्यार’, थोडंसं. मग ‘थिंग … द’, बऱ्यापैकी. मग ‘हन’, खूप. मग ‘फेइछांग’, अतिशय. वर ‘जील’, पराकोटीचं. मुलांना हे आवडतं, परीक्षेत गुण मिळतात. डॉक्टर होणाऱ्या मुलांना तर फारच आवडतं, कारण दुखण्याची शून्य ते दहा अशी मोजपट्टी त्यांना ठाऊक असते आणि शिडी तिच्यावर नेमकी बसते असं वाटतं.

बोलणारी माणसं शिडी चढत-उतरत नाहीत. ‘हन’चंच बघा. साध्या वाक्यात विशेषणाआधी ‘हन’ घालावाच लागतो, नाहीतर वाक्य अर्धवट किंवा तुलनेचं वाटतं. ‘आज थंड’ एवढंच म्हटलं तर ऐकणारा वाट बघतो, आज थंड, मग काल काय होतं? म्हणून ‘हन लंग’ म्हणायचं. तिथे ‘हन’ला ‘खूप’ म्हणण्यात अर्थ नाही. ताण देऊन उच्चारला तरच तो ‘खूप’ होतो. आणि हाच ‘हन’ मागे गेला, ‘थंग द हन’, की एकदम खरा आणि भारी होतो. एकच शब्द, जागा बदलली की वजन बदलतं. तो शिडीच्या कुठल्या पायरीवर ठेवणार?

‘फेइछांग’ शिडीत वर आहे, पण पोट धरून बसलेला म्हातारा ‘फेइछांग थंग’ म्हणणार नाही. ते बातम्यांचं, भाषणाचं, नम्र ईमेलचं चिनी. उलट ‘यौद्यार थंग’, थोडंसं दुखतंय, असं म्हणणारा म्हातारा खूप त्रासात असू शकतो, कारण त्या पिढीला कुरकुर करायची लाज वाटते. आपल्याकडे ‘जरा बरं नाही’ म्हणत दवाखान्यात चालत आलेल्या आजींना थेट आयसीयूत नेल्याचं ज्याने पाहिलं असेल त्याला हे वेगळं सांगायला नको.

हे शब्द मोजमाप फार थोडं सांगतात, बोलणाऱ्याचा पवित्रा जास्त सांगतात. ‘थाय थंग ल’मध्ये सहन होईना अशी तक्रार आहे. ‘ख थंग ल’मध्ये ‘तुला कल्पना नाही’ असा सूर आहे, समोरच्याला ठाऊक नसलेली गोष्ट सांगण्याचा. ‘थिंग थंग द’ शांत माणसाचं, मोजून बोललेलं. ‘लाओ थंग ल’ रंगवून सांगणाऱ्याचं. म्हणूनच यांतले काही शब्द सरळ प्रश्नात चालत नाहीत. डॉक्टरने ‘लाओ थंग ल मा?’ असं विचारलं तर पेशंट हसेल. ‘लाओ थंग ल बा?’ चालतं, पण तो प्रश्न नसतो, ‘फार दुखत असेल नाही?’ असा दिलासा असतो. माहिती हवी असेल तर ‘थंग द लीहाय मा?’ असंच विचारावं लागतं.

ईशान्येकडचा ‘त्सेइ’ तर सगळ्यांचा लाडका. ‘त्सेइ’ म्हणजे चोर. ‘त्सेइ लंग’ म्हणजे कडाक्याची थंडी. पूर्वी हा शब्द मुख्यतः नकोशा गोष्टींना लागायचा, आता तरुण पोरं चविष्ट जेवणालाही ‘त्सेइ’ लावतात. हल्ली ‘गागा’ही ऐकू येतो. तियानजिनला ‘बेइर’, वुहानला ‘मान’, शिआनला सगळं मागून ‘द हन’. प्रत्येक शहराचा आपला एक. मुंबईचं ‘जाम’ आणि कोल्हापूरचं ‘लई’ माहीत असलेल्याला यात नवल नाही. परीक्षेसाठी ही यादी पाठ करण्यात काही हशील नाही असं माझं मत आहे. ती ज्या गावात राहाल तिथे आपोआप येते.

न ऐकू आलेला जोर

या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट लाओ नाही. ती आजींनी सांगितली होती, आणि केस-पेपरवर तिचा मागमूस नव्हता.

आजोबांबरोबर त्यांची बायको होती. नवरा बोलत असताना ती मधेच म्हणाली होती: ‘लिएन शाबाय शाबाय द, शोउ बिंगल्यांग.’ ‘लिएन’ म्हणजे चेहरा, ‘शोउ’ म्हणजे हात, ‘बाय’ म्हणजे पांढरा, ‘ल्यांग’ म्हणजे गार. मुलीने ऐकलं: चेहरा पांढरा, हात गार. ‘हन’ नाही, ‘थाय’ नाही, ‘लाओ’ नाही. जोराचा शब्दच नाही म्हटल्यावर विशेष काही नसणार. तिने ते लिहिलं नाही.

‘शाबाय’ म्हणजे नुसता पांढरा नव्हे. पांढराफटक. ‘बिंगल्यांग’ म्हणजे बर्फासारखे थंडगार. जोर शब्दाच्या बाहेर नव्हता, शब्दाच्या पोटात होता. त्यातही आजींनी ‘शाबाय’ दोनदा म्हटलं होतं.

चिनीत अशा विशेषणांचा मोठा गोतावळा आहे. श्वेबाय, बर्फासारखा पांढराशुभ्र. थोंगहोंग, लालबुंद. लाह्वांग, मेणासारखा पिवळा. गुनथांग, चटका बसेल इतकं गरम. बांगयिंग, लाकडासारखं टणक. यांना ‘हन’ लागत नाही. ‘हन शाबाय’ म्हणणं चिनी माणसाला खटकतं, कारण ‘फार’ आत आधीच आहे. भाषाशास्त्रज्ञ जू दशी यांनी १९५६ मध्ये चिनी विशेषणांचे साधी आणि संयुक्त असे दोन गट पाडून दाखवले: साधी विशेषणं गुण सांगतात, संयुक्त रूपांत मात्रा आणि बोलणाऱ्याचा अंदाज आधीच मिसळलेला असतो. चिनी व्याकरणात ही विभागणी आजही पायाभूत मानतात.

आणि ही गोष्ट मराठी मुलांना मुळात शिकवायचीच गरज नाही. पांढराफटक, लालभडक, काळाकुट्ट, हिरवागार, पिवळाधम्मक, थंडगार, कोरडाठाक, आंबटढाण. आपणही ‘खूप काळाकुट्ट’ म्हणत नाही, म्हटलं तर आजी दटावेल. फक्त आपल्याकडे रंग आधी आणि जोर मागून येतो, चिनीत जोर आधी आणि रंग मागून. दोनदा उच्चारून जोर आणणंही आपल्याला परकं नाही: उंचच उंच, गरमागरम. इंग्रजी माध्यमातून चिनी शिकल्यामुळे हा पूल वापरलाच जात नाही. इंग्रजी पुस्तकात ‘शाबाय’समोर एक फिकट शब्द असतो, मुलगी तो पाठ करते, आणि घरची भाषा बाजूला पडून राहते. लातूर-नांदेडच्या सरकारी दवाखान्यात एखादी बाई म्हणाली असती, ‘तोंड पांढरंफटक पडलंय, हातपाय थंडगार लागतायत’, तर या मुलीने पेन खाली ठेवून आधी नाडी पाहिली असती.

दुखण्याच्या वर्णनातही असंच. ‘ह्वोलाला द थंग’ म्हणजे आग होते तसं, भगभगणारं दुखणं. त्यात शेवटचं अक्षर दुहेरी होऊन जोर येतो. ‘ईजन ईजन द थंग’ म्हणजे कळा येऊन येऊन दुखणं. मराठीत ठणकणं, चरचरणं, सणकणं, कळा येणं असे शब्द ज्याच्या जिभेवर आहेत त्याला हे चिनी शब्द एका बैठकीत येतात. आणि छातीबद्दल बोलताना ईशान्येकडचा माणूस ‘मन द ह्वांग’ म्हणाला, तर शेवटच्या ‘द ह्वांग’ने तो ‘कोंडतंय, सोसवत नाही’ असं सांगत असतो. हा एक तुकडा मी सगळ्यांकडून घोकून घेतो, बाकी घोकंपट्टीला माझा विरोध असला तरी. छातीच्या बाबतीत धोका पत्करायचा नाही.

पुढे काय झालं

वरिष्ठ डॉक्टर मोकळे झाले. त्यांनी केस-पेपर वाचला, मग आजोबांकडे पाहिलं, आणि दोघांचं जमेना. पुन्हापुन्हा होणारं जुनं दुखणं सांगायला आलेला माणूस असा कुबड काढून बसत नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला: या वेळचं दुखणं आधीसारखंच आहे का? आजोबा म्हणाले, नाही, ‘थंग द ज माओहान’. दुखून दुखून दरदरून घाम फुटतोय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

इथे जोराचा शब्द एकही नाही. ‘द’च्या पुढे आजोबांनी परिणाम सांगितला. चिनी बोलण्यात तीव्रता सांगण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच आहे, आणि डॉक्टरच्या उपयोगाचाही. ‘थंग स ल’, दुखून मेलो, असं ठेच लागलेलं पोरही म्हणतं. आपल्याकडेही ‘मेले गं बाई’ म्हणणारी धडधाकट असते. पण ‘पाठ सरळ करता येत नाही’, ‘घाम फुटतो’, ‘झोप लागत नाही’ हे पडताळून पाहता येतं.

वरिष्ठांनी उजव्या बरगडीखाली दाबलं, आजोबांचा श्वास अडकला. सोनोग्राफीत पित्ताशयात खडा आणि सूज निघाली. पोटाच्या वरच्या भागातल्या कुठल्याही दुखण्याला ‘वेइ थंग’ म्हणायची तिकडे सवय आहे, जशी आपल्याकडे सगळ्याला ‘ॲसिडिटी’ म्हणायची. आजोबांना दाखल करून घेतलं. उशीर फार झाला नव्हता. केस-पेपरची पहिली ओळ बदलली, वर्षांच्या जागी ‘एक दिवस’ आला आणि ‘फानफू’च्या जागी ‘जूलिए’. जुना आजार खाली पूर्वेतिहासात गेला.

मुलीला ओरडा बसला नाही. वरिष्ठांनी तिला एवढंच सांगितलं, की काळ आणि तीव्रता कधीच एका प्रश्नात विचारू नकोस, आणि पेशंट ‘या खेपेला’ म्हणाला की तिथे थांब. ‘ज ह्वेइ’ हे दोन शब्द तिने ऐकले होते, समजलेही होते. मनात ‘सारखं’ असा अर्थ एकदा बसल्यावर ‘या खेपेला’ला जागाच उरली नाही, म्हणून ते गळून पडले. वाक्यातला एखादा सोपा शब्द आपल्या अर्थात बसत नसेल तर अर्थ संशयास्पद मानायचा, हे तिला कोणत्याही व्याकरणाशिवाय करता आलं असतं. माझ्या मते या प्रकरणात तिच्या हातातली खरी संधी ती होती.

वर्गात आता मी शिडी काढत नाही. ‘लाओ थंग’ आणि ‘लाओ थंग ल’ पाठोपाठ ऐकवतो, आधी सावकाश, मग शेन्यांगच्या वेगाने, आणि मुलांना दोन रकाने भरायला सांगतो: एक वेळेचा, एक तीव्रतेचा. नंतर आजींचं वाक्य ऐकवतो आणि ते मराठीत, आपापल्या गावच्या मराठीत, सांगायला लावतो. इंग्रजीत सांगायला मनाई. मागच्या खेपेला नांदेडच्या एका मुलाने ‘शाबाय’ ऐकताच ‘पांढरंफटक’ म्हटलं, आणि सोलापूरच्या मुलीने त्याला हटकलं की आमच्यात ‘पांढराफेक’ म्हणतात. वाद बराच वेळ चालला. ‘शाबाय’ मात्र दोघांनाही पुन्हा सांगावा लागला नाही.